लघवी ठिबकणाऱ्या मांजराचा केसपेपर

तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचीही सोय केली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक तिथे काम करीत. राजांनी जमवलेल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, काढलेल्या चित्रांसकट, राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत आणि गजशास्त्र, अश्वशास्त्राची हस्तलिखितेही तिथेच आहेत. यातली आधी नीट पाहून लिहून ठेवण्याची शिस्त घरात लघवी करणाऱ्या मांजराच्या वाट्याला मात्र क्वचितच येते. त्याला ओरडा बसतो, फटका बसतो, शेवटी पोत्यात घालून मासळीबाजारात सोडले जाते. माझे म्हणणे असे की मोठ्या मांजराने अचानक घरात लघवी करणे हे आजाराचे लक्षण म्हणूनच आधी तपासले पाहिजे.

त्यासाठी पहिला प्रश्न एकच: लघवी होते आहे हे मांजराला कळते का? झोपेतून उठल्यावर त्याची जागा ओली सापडते, चालताना थेंब पडतात, मागचे पाय आणि शेपटीखालचे केस ओले राहून कातडी लाल होते, तेव्हा लघवीवरचा ताबाच सुटलेला असतो. असा खरा विकार कुत्र्यांच्या मानाने मांजरांत कमी आढळतो. बरेचदा कारण वेगळे निघते. मूत्राशयाच्या दाहामुळे मांजर पुन्हा पुन्हा बसते आणि थोडी थोडी लघवी करते. मधुमेहात किंवा किडनीच्या आजारात पाणी फार पिते आणि लघवीही फार होते. बोका उभ्याने भिंतीवर फवारा मारतो तो हद्द आखण्यासाठी. म्हणून कुठे, केव्हा, किती आणि कोणत्या स्थितीत झाली हे आठवडाभर वहीत लिहावे, मोबाइलवर चित्रण करावे. डॉक्टरांना लघवीच्या तपासणीइतकाच त्याचा उपयोग होतो. मात्र बोका कण्हत जोर करतोय आणि लघवी होत नाही किंवा थेंबच येतो, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, आणि तुंबून भरलेल्या मूत्राशयातून ठिबकणारे थेंब पाहून घरच्यांना वाटते, लघवी तर होतेय!

ताबा सुटण्याचे एक मोठे कारण शेपटीशी असते. गाडीखाली किंवा दारात शेपटी सापडून ओढली गेली की मणक्याच्या टोकाकडच्या नसा ताणल्या जातात. शेपटी लुळी पडते आणि मूत्राशय भरला तरी रिकामा होत नाही. अशा वेळी तो दिवसातून दोन-तीनदा पोटावरून हलके दाबून रिकामा करावा लागतो. हे डॉक्टरांकडून प्रत्यक्ष करून शिकावे. अंदाजाने दाबल्यास इजा होते. शेपटीच्या मुळाशी चिमटा जाणवत असेल तर सुधारण्याची आशा चांगली असते. ताबा परतायचा असेल तर बहुधा महिनाभरात परततो, म्हणून पहिल्याच आठवड्यात हार मानणे घाईचे ठरते.

‘मांजर मुद्दाम, राग धरून करते,’ असे अनेक जण ठामपणे सांगतात. घरात नवे माणूस किंवा नवे मांजर आल्यावर हे सुरू होते, हे निरीक्षण बरोबर आहे. पण ताणानेही मूत्राशयाला सूज येते, आणि दुखते म्हणून मांजर मातीचा ट्रे टाळते. मारल्याने ताण वाढतो, म्हणजे आजारही वाढतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. हत्ती-घोडे राज्याच्या कामाचे होते, मांजरासाठी एवढे कशाला? आक्षेप खोटा नाही, पण लघवीची साधी तपासणी महाग नसते आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तंजावूर जिल्ह्यातच, ओरत्तनाडूला, २०१२पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खर्च वाचवायला पाणी तोडणे किंवा घरातली गोळी देणे मात्र घातक: पाणी कमी झाले की लघवी घट्ट होऊन त्रास वाढतो, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फरशी पुसायला फिनाइल नको, त्यातले काही घटक मांजराला विषारी असतात. आजारी मांजराच्या अंथरुणाखाली प्लास्टिक आणि वर जुनी सुती धोतरे घालावीत, ती रोज धुवावीत, आणि ओले केस कोमट पाण्याने पुसून कोरडे करावेत.