‘दहा गेले का खुर्ची देता!’

शिष्यवृत्तीचे पैसे अडकले तर काय करायचं? आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने तेच केलं. एकेकट्याने ऑफिसच्या खिडकीशी जायचं, ‘वरूनच आलं नाही’ हे ऐकायचं आणि परत नशिराबादची गाडी धरायची. असे चार महिने गेले. एका मैत्रिणीने तर परीक्षा फीसाठी कानातले गहाण ठेवले. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या कॉलेजातही हीच खिडकी असेल.

घरी हे सांगितलं तेव्हा आजी हसली. ‘एकटं गेलं का हाकलून देता रे, दहा गेले का खुर्ची देता!’

आजी चौथी शिकलेली. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. एका आठवड्याला मजुरी कमी मिळाली, तेव्हा सगळ्या बायांनी घमेली खाली ठेवली आणि हिशेब मागितला. याला ‘राजकीय शिक्षण’ म्हणतात हे तिला माहीत नाही. मास कम्युनिकेशनची डिग्री करून मलाही ते माहीत नव्हतं.

मग शोधायला लागलो. फार लांब जावं लागलं नाही.

मनमाड ते फैजपूर, पायी

भुसावळ ओलांडलं की तासाभरात फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन इथलंच. अध्यक्ष होते पंडित नेहरू, आणि बांबूचा देखणा मंडप सजवला होता चित्रकार नंदलाल बोस यांनी. हे आपण ऐकलेलं असतं. पण त्याच वेळी तिथे अखिल भारतीय किसान सभेचंही अधिवेशन झालं. त्यासाठी सुमारे ५०० शेतकरी मनमाडहून चालत आले. त्यांचं चालणं २०० मैलांहून जास्त, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास होतं.

आता गंमत बघा. रेल्वेने मनमाड ते भुसावळ १८४ किलोमीटर आहे. मग एवढं जास्त का चालले? कारण फक्त पोहोचायचं नव्हतंच. वाटेतल्या गावांमध्ये लोकांना किसान सभा काय मागते, हे समजावत ते आले. मोर्चा हीच त्यांची शाळा होती. फैजपूरला मंजूर झालेल्या कृषी कार्यक्रमात सारा आणि खंड कमी करणं, कर्जातून सुटका, शेतमजुरांना जगता येईल एवढी मजुरी, शेतकरी संघटनांना मान्यता अशा मागण्या होत्या.

या अधिवेशनासाठी गावोगाव फिरलेल्यांमध्ये साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. पुढे १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केलं. ‘श्यामची आई’ वाचून रडलेल्या आपल्या पिढीला हे गुरुजी कुणी दाखवलेच नाहीत.

आजीच्या खडीचा कायदा

‘लोकशाही समाजवाद’ हा शब्द ऐकला की आपल्याला जांभई येते. सोपं करून सांगतो. घरात कुणाला पगार मिळत असेल तर स्लिप बघा. ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून महिन्याला साधारण २०० रुपये कापलेले दिसतील. १९७५ चा हा कर महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेसाठी लावला. ज्यांना नियमित कमाई आहे त्यांनी थोडं द्यायचं, ज्यांच्या हाताला काम नाही त्यांना त्यातून काम मिळायचं. आणि हे दया म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून. मतपेटी आणि विधिमंडळाच्या मार्गाने हे घडवायचं, म्हणजे लोकशाही समाजवाद.

योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात प्रयोग झाला. दुष्काळाने ती राज्यभर नेली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाला असा कायदा मिळायला २००५ उजाडलं. पण कागदावरचा हक्क आपोआप हातात पडत नाही. त्यासाठी ठिकठिकाणी मजुरांचे मोर्चे निघाले.

आपल्या खानदेशात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांसारखा भिल्ल समाजातला कार्यकर्ता त्यात होता. गेलेल्या जमिनी आणि मजुरी यांवर लढे झाले, त्याबरोबर शिबिरंही झाली. बायकांच्या शिबिरात दारू आणि मारहाणीचा विषय निघाला आणि त्या थेट दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. आधी बोलणं, मग चालणं. क्रम लक्षात ठेवा.

आपण कुठे शिकणार?

कॉलेजातल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद आली, पण माझ्या तीन वर्षांत मी एकदाही मत दिलं नाही. राजकारण म्हणजे आपल्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरचं भांडण आणि नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर. त्या बॅनरवर आपला फोटो असतो, आपला प्रश्न नसतो.

आजीचं ऐकून आम्ही अकरा जण एका रविवारी देवळाच्या ओट्यावर बसलो. शासन निर्णय डाउनलोड केला आणि मोठ्याने वाचला. अर्ध्या तासात कळलं की काहींचे अर्ज ‘वर’ गेलेलेच नव्हते, कॉलेजच्या लॉगिनलाच पडून होते. एकच अर्ज लिहिला, अकरा सह्या केल्या, पोच घेतली. खुर्ची मिळाली नाही, पण खिडकीतला माणूस पहिल्यांदा उठून बाहेर आला.

सात जणांचे पैसे जमा झाले. चौघांचे अजून बाकी आहेत. मैत्रिणीचे कानातले सुटले, पण रविवारची बैठक आम्ही बंद केलेली नाही. पुढच्या वेळी विषय आहे फैजपूरचा कृषी कार्यक्रम. समाजवाद न पटणारे दोघे आहेत, त्यांनाच आधी बोलायला सांगितलंय.

आजी विचारत होती, ‘मी येऊ का?’ तिची खुर्ची तयार आहे.