गॅदरिंगसाठी सुपरहिरोचा ड्रेस घरच्या घरी. दोनशे रुपयांची मर्यादा ठेवा, पोराची हौसही भागवा

डिसेंबर-जानेवारी आला की शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो : "वेशभूषा स्पर्धा आहे, विद्यार्थ्यांनी तयारीने यावे." पोरगं लगेच हट्ट धरतं, मला सुपरमॅन व्हायचंय. तालुक्याच्या गावी भाड्याने ड्रेस मिळतो, पण भाडं, डिपॉझिट आणि येण्या-जाण्याचा खर्च धरला तर एका दिवसाची मजुरी त्यात जाते. शिवाय ड्रेसला डाग पडला की डिपॉझिटवर पाणी सोडायचं. हाच ड्रेस घरी करता येतो. मात्र पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवं.

मालेगावचा सुपरमॅन आठवतोय का?

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात शेख नासिर यांनी अगदी तुटपुंज्या पैशात 'मालेगाव का सुपरमॅन' हा सिनेमा काढला. त्यातला सुपरमॅन होता यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख. अंगाने किडकिडीत, तरी बघणाऱ्याला तो सुपरमॅनच वाटला. या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी 2008 साली माहितीपट केला आणि 2025 मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमाही थिएटरात लागला. भारी कापड नसलं तरी माणसं सुपरहिरोला ओळखतात, हे आपल्याच भागातल्या लोकांनी दाखवून दिलंय.

लोक ओळखतात तीन गोष्टींवरून

रंग, छातीवरचं चिन्ह, आणि पाठीवरचा झगा किंवा डोळ्यांवरचा मुखवटा. मागच्या रांगेतल्या माणसाला एवढंच दिसतं. पैसे आणि वेळ इथेच घाला, बाकी सगळं घरातलं वापरा.

पात्र निवडतानाही हाच हिशेब करा. क्रिशला काळे कपडे, काळा लांब कोट आणि डोळ्यांवर काळा मुखवटा लागतो. घरातला काळा रेनकोट चालून जातो. सुपरमॅनला निळे कपडे, लाल झगा आणि वर लाल चड्डी. ही चड्डी वरून का, असं पोरं विचारतात. सुपरमॅन 1938 साली अमेरिकेत छापून आला, तेव्हा सर्कशीतले पैलवान असेच कपडे घालायचे, त्यावरून ती आली. शक्तिमानला मरून कपडे आणि सोनेरी नक्षी. स्पायडरमॅन मात्र घरी करायला सगळ्यात अवघड, कारण अंगभर जाळं काढावं लागतं आणि पूर्ण तोंड झाकावं लागतं.

कपडे : रंगवण्याआधी कापड बघा

फुल बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग किंवा ट्रॅक पँट, एवढं पुरतं. हवा तो रंग घरात नसेल तर बाजारातल्या पुडीच्या रंगाने जुना पांढरा बनियन किंवा टी-शर्ट रंगवता येतो. पण हा रंग सुती कापडालाच नीट धरतो. शाळेचा पांढरा शर्ट बहुतेक टेरिकॉटचा असतो, तो फिकट आणि डागाळलेला निघतो. मग रंगही वाया आणि शर्टही. रंगवायला जुनं पातेलं किंवा डबा घ्या, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. नंतर कपडा दोन-तीन वेळा वेगळा धुवा, नाहीतर घामाने रंग अंगाला लागेल.

छातीवरचं चिन्ह

स्टेशनरीच्या दुकानात रंगीत फोम शीट मिळते. आधी वर्तमानपत्राच्या कागदाची मधोमध घडी घाला, त्यावर अर्धंच चिन्ह काढा आणि कापा. उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला साधारण 15 सेंटीमीटर रुंदीचं चिन्ह शोभतं. हा कागद शीटवर ठेवून कापा.

चिन्ह शर्टाला चिकटवू नका, कच्च्या टाक्याने शिवा. कार्यक्रम झाला की टाके उसवायचे, शर्ट पुन्हा रोजच्या वापरात. इथेच अर्धा खर्च वाचतो. एक सेकंदात चिकटणारा गोंद तर सुती कपड्यावर वापरूच नका. सुती धाग्यावर सांडला की तो एकदम तापतो आणि त्याने कातडी भाजू शकते.

झगा : बांधू नका, अडकवा

जुन्या साडीचा पदर, ओढणी किंवा एक मीटर अस्तराचं कापड पुरतं. खांद्यापासून गुडघ्याच्या मागपर्यंत माप घ्या. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला साधारण 60 सेंटीमीटर लागतं. टाचेपर्यंत लांब केला तर स्टेजच्या पायरीवर पाय अडकून पोरगं तोंडावर पडतं. वरच्या बाजूला चुण्या घाला, म्हणजे खाली घेर येतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झग्याची गाठ गळ्याला मारू नका. कुणी मागून ओढलं किंवा झगा कशात अडकला तर फास बसतो. दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोचे दोन-दोन इंचाचे तुकडे शिवा. हिसका बसला की झगा सुटून यायला हवा. घरी एकदा ओढून बघा.

मुखवटा, पट्टा आणि बूट

मुखवटा फक्त डोळ्यांपुरता करा. नाक-तोंड मोकळं ठेवा आणि डोळ्यांची भोकं मोठी कापा. मुखवटा लावून पोराला अंगणात चालवा. पायाखालचं दिसत नसेल तर भोकं वाढवा. मागे इलॅस्टिक लावा, दोरी नको.

पट्ट्यासाठी पुठ्ठ्यावर सोनेरी कागद चिकटवा. बुटांसाठी जुन्या लांब मोज्याचा तळ कापून टाका आणि वरचा भाग बुटावरून चढवा. तळ तसाच ठेवला तर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो.

चेहरा रंगवायचा असेल तर ऑइल पेंट, स्प्रे किंवा होळीचा रंग नको. चेहऱ्याचाच रंग आणला असेल तरी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज सुटली तर तो वापरू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी

साडीचं, सॅटिनचं कापड पटकन पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं. दीपप्रज्वलनाच्या समईपासून पोराला लांब उभं करा. मोटारसायकलवरून नेताना झगा काढून पिशवीत ठेवा. ओढणी चाकात अडकून काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. आणि लहान पोराला एकदा स्पष्ट सांगा, झगा घातला म्हणून उडता येत नाही. माळवदावर किंवा गच्चीवर या ड्रेसमध्ये एकट्याला सोडू नका.

चिडवलं तर?

खरी भीती खर्चाची नसतेच. शेजारचा पोरगा भाड्याचा चकचकीत ड्रेस घालून येईल आणि आपल्या पोराला "हा डुप्लिकेट" म्हणेल, ही असते. म्हणून आई-बाप कर्ज-उसनवारी करून भाडं भरतात.

यावर साधा उपाय आहे : पोराला त्याचाच नवा हिरो करू द्या. गळणारे नळ बंद करणारा, वणवा विझवणारा, रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्या बापाच्या पुढे बॅटरी घेऊन चालणारा. छातीवर थेंब, पान, विजेची रेघ, जे त्याला सुचेल ते. हा हिरो दुकानात भाड्याने मिळतच नाही, मग त्याला डुप्लिकेट कोण म्हणणार? माईकवर बोलायला दोन वाक्यं पाठ करून घ्या : मी कोण आणि मी काय करतो.

चिन्ह पोरालाच काढू द्या, कात्री तेवढी तुम्ही धरा. रेघ वाकडी आली तरी चालेल. "हे मी केलंय" म्हणून ते जास्त ताठ उभं राहील.