पिशवीवर एकच नाव

अ‍ॅफेरेसिसच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाला पहिला त्रास जाणवतो तो ओठांना. एका नळीतून रक्त बाहेर येतं, यंत्रात गरगर फिरतं, त्यातल्या पांढऱ्या पेशींचा थर बाजूला काढला जातो आणि उरलेलं रक्त दुसऱ्या नळीने परत अंगात जातं. रक्त नळीत गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागतात. सिस्टर म्हणूनच अधूनमधून विचारत राहतात, "तोंडाला मुंग्या येतायत का?" हो म्हटलं की कॅल्शियम द्यायचं, यंत्राचा वेग जरा उतरवायचा. काही तासांनी यंत्राला टांगलेली छोटी पिशवी लालसर द्रवाने भरते. रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराचा हा कच्चा माल.

रक्ताच्या काही कर्करोगांत बी-पेशी बिघडतात आणि बेसुमार वाढतात. त्यांना मारण्याची ताकद टी-पेशींमध्ये असते. पण बिघडलेली पेशीही शरीरातलीच, त्यामुळे टी-पेशी बहुतेकदा तिच्याकडे काणाडोळा करतात. बी-पेशींच्या पृष्ठभागावर मात्र सीडी-१९ नावाचं प्रथिन असतं. टी-पेशीला ते ओळखायला शिकवलं, तर पुढचं काम ती स्वतः करते.

हे शिकवणं प्रयोगशाळेत होतं. एचआयव्हीच्या कुळातला, पण स्वतःची संख्या वाढवण्याची क्षमता काढून घेतलेला विषाणू वाहक म्हणून वापरतात. तो नवं जनुक टी-पेशीत नेऊन सोडतो आणि पेशीच्या अंगावर सीडी-१९ पकडणारा रेणू उगवतो. मग या पेशी वाढवायच्या, त्यांत जंतुसंसर्ग नाही ना हे तपासायचं, किती पेशींनी नवं जनुक स्वीकारलं ते मोजायचं आणि अतिथंड तापमानात गोठवून रुग्णालयात पाठवायचं. एका रुग्णाच्या पेशी दुसऱ्याला चालत नाहीत. प्रत्येक पिशवी एका माणसासाठी, आणि तिच्यासाठी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. हजारो कुप्या एकदम बनवून खर्च वाटून घेण्याची सोय इथे नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये अशा पहिल्या उपचाराला परवानगी मिळाली, तेव्हा नुसत्या औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर ठरली, ती याच प्रकारच्या कामाची.

हा आकडा भारतातल्या कुठल्या कुटुंबाला परवडणार? आयआयटी मुंबईतले राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी, तसंच टाटा मेमोरियलचे डॉक्टर, यांनी हे सगळं इथेच करायचं ठरवलं. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या नवी मुंबईतल्या केंद्रात, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. किंमत अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण एक दशांश. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या निष्कर्षांत, परिणाम तपासता आला त्या रुग्णांपैकी ७३ टक्क्यांनी उपचाराला प्रतिसाद दिला होता. हे सगळे इतर औषधांनी हार मानलेले रुग्ण होते.

पेशी देण्याआधी काही दिवस केमोथेरपी देऊन शरीरातल्या जुन्या लढाऊ पेशी कमी करतात. नव्यांना जागा लागते. मग तो दिवस येतो. गोठलेली पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात, नाव आणि क्रमांक दोघांनी मिळून मोठ्याने वाचून पडताळतात आणि सलाईनसारखी लावतात. गोठवताना वापरलेल्या द्रव्याचा लसणासारखा वास खोलीत पसरतो. पिशवी काही मिनिटांत रिकामी होते. खरी कसोटी त्यानंतर.

नव्या पेशी कामाला लागल्या की रक्तात दाहाच्या रसायनांचा लोंढा येतो. ताप चढतो, रक्तदाब घसरतो, प्राणवायू लावावा लागतो. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही लहान मुलगी याच अवस्थेत मरणाच्या दारात पोहोचली होती. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ अफाट वाढल्याचं दिसलं. उपचाराचे एक जनक कार्ल जून यांना त्यावर चालणारं टोसिलिझुमॅब हे औषध ठाऊक होतं, कारण त्यांच्या मुलीला लहानपणापासूनचा संधिवात होता. ते दिल्यावर काही तासांतच एमिली सावरू लागली. तेव्हापासून हे सांध्यांचं औषध कार-टीच्या वॉर्डात हाताशी तयार ठेवतात.

दुसरा धोका मेंदूला. त्याची चाचणी मात्र साध्या कागद-पेनावर होते. परिचारिका ठरलेल्या वेळी येते: साल कोणतं, महिना कोणता, आपण कुठल्या गावात आहोत? समोरचं घड्याळ, पेन, बटण दाखवून नावं विचारते. शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटं मोजायला लावते. मग एक वाक्य लिहायला सांगते, रुग्णाला सवयीच्या असलेल्या भाषेत. काल सरळ आलेली ओळ आज खाली घसरली, वेलांट्या सुटल्या, शब्द अर्धवट राहिला, तर लगेच डॉक्टरांना बोलावतात. रुग्णाला स्वतःला अनेकदा काहीच बिघडल्यासारखं वाटत नसतं. अशा वेळी स्टेरॉइड वेळेवर सुरू झालं की बहुतेक जण पूर्ववत होतात.

बरं वाटल्यावरही सुट्टी नाही. काही आठवडे रुग्णालयाच्या जवळ राहावं लागतं. नव्या टी-पेशी निरोगी बी-पेशीही संपवतात, म्हणून प्रतिपिंडं घटतात आणि काहींना ती शिरेतून द्यावी लागतात. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबासाठी हा मुक्काम म्हणजे बुडालेली मजुरी आणि खोलीचं भाडं. औषधाची किंमत उतरली, तरी हा खर्च कुठल्याही बिलात दिसत नाही.

आणि या पेशींची मागणी कर्करोगापुरती राहणारी नाही. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ल्युपसने गंभीर आजारी असलेल्या एका तरुणीला याच पद्धतीने उपचार दिले आणि तिचा आजार शमला. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या बी-पेशी तिथे काढून टाकल्या गेल्या. हे उपचार मुंबईबाहेर न्यायचे, तर प्रयोगशाळेइतकीच गरज आहे ती पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रांची, अतिदक्षता विभागातल्या मोकळ्या खाटांची आणि रात्रपाळीत ती घसरलेली ओळ वेळीच ओळखणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांची.