माध्यमिक शाळेतील ‘रचना व तंत्रज्ञान’ : आखणी आणि अध्यापन

माध्यमिक शाळेत ‘रचना व तंत्रज्ञान’ हा विषय सुरू करावयाचा म्हटले की पहिला विचार बहुधा अवजारांच्या खरेदीचा होतो. अवजारे येतात, साठा नोंदवहीत त्यांची नोंद होते आणि ती हरवू नयेत म्हणून कपाटाला कुलूप लागते. असे होऊ द्यावयाचे नसेल, तर आखणीचा आरंभ अवजारांपासून न करता गावाच्या गरजेपासून करावयास हवा.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाचा पुरस्कार झाला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवावर भर दिला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथे आकारास आलेल्या शालेय अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशी चार क्षेत्रे आहेत. विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला देतात व लोकोपयोगी कामे करतात. सलग वेळ ही यातील महत्त्वाची बाब होय. तुटक तासिकांत अवजारे काढण्या-ठेवण्यातच वेळ संपतो.

एक साधा पाठ पाहू. शाळेतील पाण्याच्या माठासाठी तिवई हवी आहे. विद्यार्थ्यांनी प्रथम सर्वांत लहान मुलाचा हात कोठवर पोचतो ते मोजावे. वीस लिटर पाण्याचे वजन वीस किलोग्रॅम. त्यात माठाचे वजन मिळवावे. मग १:१० प्रमाणात आकृती काढावी. पाय तीन असावेत की चार? तीन पाय उंचसखल जमिनीवर डगमगत नाहीत. परंतु भार कडेला आल्यास कलंडण्याचा संभव अधिक. निर्णय मुलांनी घ्यावा व कारण वहीत लिहावे. साहित्य व मजुरी धरून खर्चाचा अंदाज काढावा. तयार तिवईवर आधी विटा रचून भार तपासावा. माठ नंतर ठेवावा.

मूल्यमापन केवळ तयार वस्तूचे झाले, तर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाजारातून वस्तू आणण्याचा मोह होतो. म्हणून आकृती, मापे, चाचणी आणि फसलेल्या नमुन्यात केलेली सुधारणा यांनाही गुण असावेत.

शिक्षकाला प्रत्येक कसब अवगत असेलच असे नाही. गावातील सुतार, लोहार व गवंडी यांना योग्य मानधनावर मार्गदर्शक म्हणून बोलवावे. एका वेळी अवजारे हाताळणारा गट लहान असावा. घासकाम व जोडकाम करताना डोळ्यांना संरक्षक चष्मा अनिवार्य मानावा. मुलींकडे शिवण आणि मुलांकडे करवत अशी विभागणी मात्र कटाक्षाने टाळावी.

अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी साठा नोंदवहीबरोबर विद्यार्थ्यांच्या वह्याही पाहाव्यात. ग्रामस्थांनी आपली लहानसहान कामे शाळेकडे न्यावीत. जे काम गावाला खरोखर हवे आहे, तेच मुले मन लावून करतील.