माग, डाग आणि कुलूप : जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या राखणीची परिभाषा

चोरीपासून वस्तू राखण्याचा विचार मराठीत तीन क्रियापदांभोवती फिरतो : अडविणे, मागावर जाणे आणि ओळख पटविणे. कुलूप चोराला अडविते. माग चोर निघून गेल्यावर कामास येतो. डाग, म्हणजे वस्तूच्या अंगावरची खूण, वस्तू परत हाती आली असता ती आपलीच हे सिद्ध करते. या तिहींचे सामर्थ्य सारखे नाही. ते कोठे व किती कमी पडते, हे जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसते. कारण तिचे कुलूप दुबळे, तिचा माग सहज पुसला जाणारा आणि तिचे सारे मोल तिच्या ओळखीत साठलेले असते.

विवेचनासाठी गेवराई हे ठिकाण घेण्यास कारण आहे. गोदावरीच्या दक्षिणेस वसलेला हा बीड जिल्ह्यातील तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. संस्थानी कारभाराची भाषा उर्दू, घरची व शिवारातली मराठी, आणि मोटारीबरोबर आलेली इंग्रजी, असे तीन थर येथील राखणीच्या शब्दांत एकावर एक बसले आहेत. शिवाय सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग गेवराईवरूनच जातो. रस्त्यावरचे गाव आणि आडवळणाचे गाव यांची चोरीविषयीची चिंता एकच नसते.

प्रथम कुलूप. हा शब्द अरबी ‘कुफ्ल’ या शब्दाचे, फारसीतून आलेले व वर्णविपर्ययाने पालटलेले रूप होय. त्याचा जोडीदार मात्र दुसऱ्या कुळातला : ‘किल्ली’ संस्कृत ‘कील’ शब्दाच्या गोतातली, तर ‘चावी’ पोर्तुगीज ‘चाव्ह’पासून किनाऱ्यावाटे आत आलेली. ‘टाळे’ हा आणखी एक जुना शब्द. परंतु तो आता बहुधा कारखान्याला किंवा कचेरीला ‘ठोकण्या’पुरता उरला आहे. कुलूप अरबी, किल्ली देशी आणि चावी पोर्तुगीज, तरी तिन्ही एकाच दाराशी गुण्यागोविंदाने नांदतात. भाषेला मुळाची अडचण होत नाही, ती व्युत्पत्तिकारालाच होते.

मोटारीच्या बाबतीत ‘किल्ली’ हा शब्द मात्र थोडी फसवणूक करतो. दाराची किल्ली दार बंद करते. जुन्या मोटारीची किल्ली काहीच बंद करीत नाही. ती केवळ विजेचे एक मंडल जोडते किंवा तोडते. १९४५ ते १९५० या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली एमजी टीसी ही उघडी, दोन आसनी गाडी घ्या. तिला काचेच्या वरखाली होणाऱ्या खिडक्या नाहीत, दाराला कुलूप नाही. १९४८ मध्ये आलेल्या जॅग्वार एक्सके १२० या उघड्या गाडीच्या दाराला तर बाहेरून मूठच नव्हती. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडे. अशा गाडीत बसण्यास चोराला कोणतेही कुलूप फोडावे लागत नाही, आणि फळीमागच्या दोन तारा एकत्र केल्या की किल्लीचे काम होऊन जाते. स्टेअरिंगला कुलूप घालण्याची सोय सार्वत्रिक झाली ती पुढे; अमेरिकेत १९७० पासून किल्ली काढल्यावर स्टेअरिंग किंवा गाडीची चाल अडली पाहिजे असा नियमच झाला. त्यापूर्वीची गाडी ही राखणीच्या दृष्टीने दावे न बांधलेल्या बैलासारखी आहे.

म्हणून जाणकार मालक किल्लीवर विसंबत नाहीत. वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखालचा रोटर हा बोटभर लांबीचा तुकडा काढून खिशात घातला, की ठिणगी उडत नाही व इंजिन फिरूनही पेटत नाही. हा उपाय नवा नाही. १९४० मध्ये शत्रूचे सैन्य उतरण्याच्या भीतीने ब्रिटनमध्ये उभ्या मोटारी निकामी करून ठेवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा लोकांनी मुख्यतः हाच मार्ग धरला. दुसरा उपाय बॅटरीची तार तोडणाऱ्या खटक्याचा. तिसरा अधिक चतुर : विजेवर चालणाऱ्या पेट्रोल-पंपाच्या तारेत एक छुपा खटका बसवावयाचा. अशी गाडी सुरू होते, कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर थोडे अंतर जाते आणि भर रस्त्यात थांबते. चोराला कारण कळत नाही, आणि थांबावयास त्याला सवड नसते. हे सर्व ‘अडविणे’ झाले खरे. पण गाडी चालवून नेण्याऐवजी झाकलेल्या मालमोटारीत चढवून नेणाऱ्यापुढे यातले काहीही चालत नाही. त्यासाठी चाकाला लोखंडी अडसर आणि जमिनीत पुरलेल्या कडीला साखळी, म्हणजे पुन्हा खुंटा आणि दावे, हाच आधार राहतो.

येथून मागाचा प्रांत सुरू होतो. ‘माग’ हा संस्कृत ‘मार्ग’ शब्दाचा सरळ वंशज. ‘मागे’, ‘मागोवा’ हे त्याचेच भाऊबंद. वाट आणि वाटेवर उमटलेली पावले या दोन्ही अर्थांचे एकाच शब्दात नांदणे महत्त्वाचे आहे. मौंट्‌स्ट्युअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराची पद्धत वर्णिली आहे. चोरी झाली की राखणदाराने पावलांवरून माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत नेऊन तेथील राखणदाराची खात्री पटविली की पहिल्याची जबाबदारी संपली व दुसऱ्याची सुरू झाली. ज्या गावात माग हरवेल ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. भरपाई आधी राखणदाराने त्याच्या ऐपतीप्रमाणे द्यावयाची, उरलेली गावाने. गेवराई त्या वेळी निजामाच्या अमलात असल्याने हा अहवाल तिच्याविषयी नाही. परंतु ‘शीव’ (संस्कृत ‘सीमा’), ‘वेसकर’, ‘जागल्या’ हे शब्द राजकीय सरहद्दी जुमानीत नव्हते.

या व्यवस्थेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. जागल्या, वेसकर, रामोशी ही कामे जातींना वाटून दिलेली होती, आणि भरपाईचा पहिला बोजा ज्याच्याकडे सर्वांत कमी होते त्याच्यावर पडत असे. गावाची राखण करणाऱ्यावरच गावाचा पहिला संशय. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश मुलखात अशा संशयाला शिक्का-मोर्तब मिळाले. ‘जागणारा’ एवढाच निरुपद्रवी अर्थ असलेला ‘जागल्या’ हा शब्द म्हणूनच केवळ व्युत्पत्तीने उलगडत नाही.

मागाला माती लागते. डांबरावर पाऊल उमटत नाही, आणि महामार्गावरची शीव ओलांडावयास काही मिनिटे पुरतात. २०२१ च्या फेब्रुवारीपासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. त्यामुळे वाहन कोणत्या नाक्यावरून केव्हा गेले याची नोंद राहते, आणि तो एक प्रकारे शिवेशिवेवरचा जागल्याच झाला आहे. पण मालमोटारीच्या पोटात असलेल्या गाडीची नोंद कोठेच होत नाही. नोंद होते ती मालमोटारीची. त्यामुळे गाडीतच उपग्रहाच्या साह्याने ठिकाण कळविणारे जीपीएस यंत्र दडविण्याचा प्रघात पडला आहे. येथे जुन्या गाडीची एक खोड ध्यानी ठेवावी लागते. १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. आजची यंत्रे ऋण टोक सांगाड्याला आहे असे गृहीत धरतात. न पाहता जोडणाऱ्याचे यंत्र जळते. शिवाय महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी असे यंत्र हळूहळू शोषून घेते, आणि जागल्याच झोपी जातो.

तिसरा उपाय डागाचा, आणि सर्वांत विचार करण्याजोगा तोच. मोगल लष्करात ‘दाग’ व ‘चेहरा’ अशी जोडव्यवस्था होती : घोड्याला डाग द्यावयाचा आणि स्वाराचे वर्णन कागदावर उतरवावयाचे. अलाउद्दीन खलजीच्या काळी दिसणारी डागाची ही रीत अकबराने १५७० च्या दशकात पुन्हा कडकपणे लागू केली. हेतू चोरी रोखण्याचा नव्हता, बदली रोखण्याचा होता. हजेरीला दाखविलेला उत्तम घोडा विकून त्याच्या जागी तट्टू उभे करता येऊ नये, एवढ्यासाठी ही खटपट.

मोटारीच्या चासीवर ठोकलेला क्रमांक हा या डागाचा आधुनिक अवतार होय, आणि गुन्हाही तोच जुना आहे : बदली. भंगारात गेलेल्या गाडीचे कागद व क्रमांकाची पट्टी मिळवावयाची, चोरलेल्या गाडीवरचा आकडा घासून तेथे ती पट्टी बसवावयाची. मेलेल्या गाडीच्या नावाने चोरीची गाडी जिवंत होते. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने वाहनाच्या क्रमांकाला सतरा चिन्हांचा साचा ठरवून दिला. त्यात आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे वगळली आहेत, कारण ती एक व शून्य या आकड्यांशी चुकू शकतात. लिपी घडविणाऱ्यांनी जे केले नाही ते येथे मोटारवाल्यांनी केले. त्यापूर्वीच्या गाड्यांना असा साचा नव्हता. प्रत्येक कारखान्याची रीत निराळी. एमजीच्या गाड्यांची मोजणी ०२५१ पासून होई, कारण कारखान्याच्या दूरध्वनीचा क्रमांक २५१ होता. असे तपशील माहीत असलेल्या मनुष्याला खोटा क्रमांक पाहताच खटकतो.

भारतात १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ हा वेगळा वर्ग दिला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, व प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर येण्याची मुभा. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्यामुळे बीडची ओळख असलेला ‘२३’ हा आकडा अशा पाटीवरून नाहीसा होतो. वाहन जिल्ह्याचे न राहता राज्याचे होते. मूळ चासी व इंजिन बदललेले नसावे, ही अट राखणीच्या दृष्टीने पाटीपेक्षा मोलाची आहे, कारण त्या निमित्ताने गाडीचा ‘चेहरा’ सरकारी दप्तरात उतरतो. विम्याचेही तसेच. पाच वर्षांहून जुन्या वाहनाची किंमत २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकाने विमेदार व कंपनी यांच्या परस्पर समजुतीवर सोपविली होती. ही समजूत लेखी व छायाचित्रांसह झाली नसेल, तर गाडी गेल्यावर तिचे मोल कोणत्या आधारावर ठरवावयाचे हा वाद उरतोच.

अखेर सारी राखण येऊन ठेपते ती फिर्यादीच्या भाषेवर. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमाखाली नोंदविला जातो. पण ‘फिर्याद’, ‘पंचनामा’, ‘मुद्देमाल’ ही फारसी-अरबी वळणाची परिभाषा कायदा बदलला तरी हललेली नाही. ‘लाल रंगाची जुनी मोटार’ एवढेच फिर्यादीत असेल, तर गाडीला नवा रंग देताच ती फिर्याद निकामी होते. चासी व इंजिन यांचे क्रमांक, ते ठोकलेल्या जागेचे जवळून घेतलेले छायाचित्र, क्रमांकाच्या अक्षरांची वळणे, सांगाड्यावरची एखादी जुनी डाखणी, फळीमागे मालकाने स्वतः कोरलेली खूण, काचेच्या कोपऱ्यातला तडा : हे सर्व गाडी घरी असतानाच लिहून ठेवावयाचे असते, आणि ते कागद गाडीच्या कप्प्यात ठेवावयाचे नसतात.