आधी मनसोक्त वाढू द्यायचं

जपानच्या शिकोकु बेटावर ताकामात्सु शहराच्या पश्चिमेला किनाशी नावाचा भाग आहे. इथल्या घरांच्या मधल्या शेतांत पाइनची झाडं ओळीनं उभी असतात. काही जेमतेम गुडघ्याएवढी, काही माणसाहून उंच. किनाशी आणि लगतचं कोकुबुंजी मिळून जपानातल्या पाइन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के झाडं तयार करतात. सेतो समुद्राच्या किनाऱ्यावर आपसूक उगवलेले पाइन उकरून कुंडीत लावण्यापासून सुमारे २०० वर्षांपूर्वी या धंद्याची सुरुवात झाली, असं सांगतात. पाऊस कमी, हवा उबदार, जमीन वाळूमिश्रित. पाइनला हे सगळं मानवतं.

झाडाला उपाशी ठेवून खुजं केलं की बोन्साय झालं, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. किनाशीतले शेतकरी नेमकं उलटं करतात. रोप जमिनीत लावतात, खत देतात, उन्हात मोकळं वाढू देतात. उथळ कुंडी येते ती सगळ्यात शेवटी. कुंडीत मुळांना पसरायला जागा नाही, म्हणून खोडही लवकर भरत नाही. आणि बुंध्याशी जाड, वर निमुळतं होत गेलेलं खोड नसेल, तर वीतभर झाड म्हातारं दिसणार कसं?

इथला मुख्य पाइन म्हणजे कुरोमात्सु, काळा पाइन. बी वसंतात पेरतात. रोप दोन-तीन वर्षांचं झालं की कोवळ्या खोडाला तार गुंडाळून वळणं देतात. पुढे लाकूड कडक झालं की बुंध्यालगतचं पहिलं वळण देणं जवळजवळ अशक्य होतं, आणि झाडाचा सगळा डौल त्या वळणावर असतो. तार रुतायच्या आत काढायची, मग रोप शेतात जातं. दर काही वर्षांनी ते खणून काढतात, खाली जाणारी जाड मुळं छाटतात आणि पुन्हा लावतात. त्यामुळे मुळं बुंध्याभोवती चहूबाजूंनी आडवी पसरतात.

या काळातली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे बळीची फांदी. एखादी फांदी किंवा शेंडा मुद्दाम न छाटता सोडून देतात. ती उंच सुटते, झाड पार बेढब दिसतं. पण तिच्यावरच्या पानांनी केलेलं अन्न खाली उतरताना खोड भरत जातं. हवी तेवढी जाडी आली की ती फांदी करवतीनं कापतात आणि खालच्या एका बारीक फांदीला नवा शेंडा करतात. हेच दोन-तीनदा केलं की खोड निमुळतं होतं, वळतं. म्हणजे कुंडीत जेवढं झाड दिसतं, त्याच्या कितीतरी पट आधी वाढवून कापलेलं असतं.

पुण्या-मुंबईतले बोन्सायप्रेमी वड, उंबर, पिंपळ घेतात. तिथेही खोड भरायचं तर रोप आधी जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत वाढवावं लागतं. गच्चीवर जागा नसली की हाच टप्पा गाळला जातो आणि झाड वर्षानुवर्षं सडपातळच राहतं.

कुंडीत आल्यावर काम बदलतं. वसंतात फुटलेले कोंब जून-जुलैत बुडापासून कापतात. काळा पाइन त्याच वर्षी दुसऱ्यांदा फुटतो, आणि उरलेल्या थोड्या दिवसांत आलेल्या सुया आखूड राहतात. शेंड्याकडचे कोंब जोमदार, खालचे दुबळे. म्हणून काही जण दुबळे आधी कापतात आणि जोमदार आठ-दहा दिवसांनी. दुबळ्यांना वाढायला तेवढा जास्त वेळ मिळतो. हे सोसायला झाड धडधाकट हवं, म्हणून त्याआधी पेंडीचं खत भरपूर देतात. पांढरा पाइन असा दुसऱ्यांदा फुटत नाही. त्याचे कोंब असे कापले तर तो खंगतो.

शेतात दहा-पंधरा वर्षं काढलेलं झाड अनेकदा अर्धवट अवस्थेतच विकलं जातं. फांद्यांची नाजूक रचना दुसऱ्याच कुणाच्या हातून होते. शेतकरी म्हातारे होत चालले आहेत, पुढे काम चालवणारे कमी आहेत. मागणी मात्र परदेशांतून येते. युरोपीय संघानं २०२० मध्ये काळ्या पाइनच्या बोन्सायवरची बंदी उठवली ती अटीवर: निर्यातीपूर्वी सलग दोन वर्षं झाड नोंदणीकृत रोपवाटिकेत, जमिनीपासून उंच फळ्यांवर किंवा काँक्रीटवर ठेवलेल्या कुंडीत असलं पाहिजे, म्हणजे मातीतली कीड सोबत जात नाही. त्यामुळे आज किनाशीच्या शेतातून उचललेला पाइन युरोपला पोचायला निदान दोन वर्षं लागतात.