उपास सोडताना

दहा दिवसांचे शुद्धीकरण आटोपून मी घरी आलो, तेव्हा स्वयंपाकघरातून वांगे भाजल्याचा वास येत होता. सौभाग्यवतींनी माझ्या आवडीचा बेत केला होता. भरीत, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही. मी हातपाय धुऊन आलो, ताटाकडे पाहिले आणि म्हणालो, "हे नको. दहा दिवस खपून शरीरातली सगळी विषं बाहेर काढलीत. आता पुन्हा आत नकोत."

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "म्हणजे सदतीस वर्षं मी तुम्हाला विषच वाढत होते का हो?"

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी एखादे वाक्य सुचायला हवे. मला सुचले नाही. तिने ताट उचलले, भरीत झाकून ठेवले आणि मला पपईच्या फोडी आणून दिल्या.

निसर्गोपचाराची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तेव्हापासून आपल्याकडे अनेकांनी श्रद्धेने हे उपचार घेतले आहेत. मी गेलो ते केंद्र नव्या चालीचे होते. 'डिटॉक्स' हा शब्द फाटकावरच रंगवलेला. पहाटे काढा, मग कोहळ्याचा रस, पोटावर मातीची पट्टी, दुपारी उकडलेला दुधी, संध्याकाळी पुन्हा रस. (एनिमाविषयी रविवारच्या सकाळी न लिहिलेले बरे.) तिसऱ्या दिवशी डोके भयंकर दुखले. ती विषे बाहेर पडण्याची खूण आहे, असे मला सांगण्यात आले. रोज पाच कप चहा पिणाऱ्याचा चहा एकदम तोडला तर दुसरे काय दुखणार, हे तेव्हा डोक्यात आले नाही. दहाव्या दिवशी काटा ७८ किलोंवरून ७४ वर आला होता. निघताना हातात एक छापील कागद पडला. काय खायचे नाही याच्या त्यात बावीस ओळी होत्या. काय खायचे, याच्या चार.

त्या कागदाबरहुकूम मी तीन आठवडे वागलो. माझे वेगळे शिजे, बिनमिठाचे आणि बिनतेलाचे. ती तिची भाजी-भाकरी घेऊन माझ्यासमोर बसे आणि पुष्कळदा अर्ध्यावरच उठे. वरणाला फोडणी घालतानासुद्धा ती स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊ लागली. इतक्या वर्षांच्या संसारात आमचे भांडण बरेचदा झाले होते, पण जेवताना बोलणे थांबले, असे पहिल्यांदाच घडत होते.

मग एका सकाळी न्हाणीघरात उठून उभा राहताना मला चक्कर आली आणि मी नळाला धरून खाली बसलो. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि विचारले, "मीठ तोडलंत, जेवण निम्म्यावर आणलंत, आणि रक्तदाबाची गोळी?" गोळी पूर्वीचीच चालू होती. कुणाला विचारावे, हे मला सुचले नव्हते. ते चिडलेच. म्हणाले, "शरीर साफ करायला तुम्हाला दोन मूत्रपिंडं आणि एक यकृत दिलंय. मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. बाकीचा परत रक्तात. कोहळ्याचा रस त्यांना आणखी काय शिकवणार?"

"पण चार किलो वजन?"

"त्यातलं पुष्कळसं पाणी." आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. साठा संपला की पाणीही जाते. मीठ तोडले की आणखी जाते. नेहमीचे जेवण सुरू झाले की सारे परत येते. हे मात्र मला चटकन कळले. ३१ मार्चला शाखेच्या ठेवी फुगलेल्या दिसाव्यात म्हणून ओळखीच्या खातेदारांकडे रदबदली करण्यात माझी अर्धी हयात गेली. १ एप्रिलला काय होते, ते मला कोणी सांगायला नको.

गोळीचा डोस डॉक्टरांनी ठरवून दिला. पण रोजच्या जेवणाकडे परत यायचे कसे? जाण्याची वाट दाखवणारे पुष्कळ भेटले होते. शेवटी कपाटातले अष्टांगहृदयाचे मराठी भाषांतर काढले. वाग्भटाने वमन-विरेचनासारख्या शोधनानंतरचा परतीचा रस्ता पायरीपायरीने आखून दिला आहे. आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग कडधान्याचे कढण, आधी साधे आणि नंतर संस्कार केलेले, मग मांसरस. शुद्धी मोठी असेल तर प्रत्येक पायरीवर तीन जेवणे, मध्यम असेल तर दोन, किरकोळ असेल तर एक. कारणही दिले आहे : विझत आलेला विस्तव जसा आधी गवत आणि गोवरीच्या चुऱ्यावर फुंकून फुलवतात, तसा जठराग्नी.

मी हे मोठ्याने वाचून दाखवले. ती निवडत असलेल्या मेथीवरून मान न उचलता म्हणाली, "टायफॉइड झाला की आमची आजी हेच करायची. पेज, मुगाचं कढण, मऊ भात, मग भाकरीचा पापुद्रा. तिला कुठे वाचता येत होतं?"

दुसऱ्या दिवसापासून तिने मला हळूहळू वर आणले. आठव्या दिवशी अर्धी भाकरी ताटात आली.

तोवर माझ्यातला बँकवाला जागा झाला होता. उपचारांआधीच्या एका आठवड्याचे खाणे आठवेल तसे वहीत उतरवून काढले. डावीकडे घरचे, उजवीकडे बाहेरचे. घरच्या रकान्यात भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक, कोशिंबीर. तेल थोडे जास्त, लोणचे आणि पापड मिळून मीठही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही इतके मीठ सांगते. उजव्या रकान्यात संध्याकाळच्या फिरण्यानंतर मित्रांबरोबरचे बटाटेवडे, शनिवारची मिसळ, वाचनालयाच्या कट्ट्यावरची भजी, आणि दिवसाकाठी पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर तर नुसत्या चहातूनच. बुडीत खाते कुठल्या बाजूला होते, ते उघड होते. आणि उजव्या रकान्यातली एकही नोंद तिच्या हातची नव्हती.

वही तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावून सावकाश वाचली. "मिसळ दोनदा आहे," एवढेच म्हणाली. मी एकदाच लिहिली होती. दुसरी तिला कशी कळली, ते मी विचारले नाही.

आता चहा दोन, अर्ध्या चमच्याचे. पापड सणावारी. वडा महिन्यातून एकदा, तोही तिला बरोबर नेऊन. तेलाची कडेलोट धार गेली, पळी आली. हा बदल तिने स्वतःहून केला, मी सुचवण्याची छाती केली नव्हती. ताटात डावीकडे चिमूटभर मीठ, बोटभर चटणी आणि आता ऐसपैस कोशिंबीर, उजवीकडे भाजी. चार किलोंपैकी अडीच परत आले आहेत. उरलेले दीड टिकून आहेत.

परवा भरीत केले होते. वाढताना तिने विचारले, "घालू का?"

"घाल," मी म्हणालो. "त्या दिवशीचं राहिलंय."

"त्या दिवशीचं मी दुसऱ्या दिवशी गाईला घातलं," ती म्हणाली आणि माझ्यासमोर आपले ताट घेऊन बसली.